डुल्सीनसाठी मी केलेली प्रार्थना

माणूस एकदाच मोठा होतो म्हणतात, माझं मात्र दोनदा झालं. पहिल्यांदा डोंगरीला, आईबापाच्या घरी, चिंचा पाडत आणि सातवीपर्यंतची शाळा कशीबशी उरकत. ते सगळं इथं सांगत बसत नाही. दुसऱ्यांदा मोठी झाले ती सासरी, समुद्राकाठी. तेव्हा मी चाळिशीला टेकले होते, कानशिलापाशी केस पांढरे व्हायला लागले होते, आणि खोटं कशाला सांगू, आपल्याला सगळं येतं असं मला वाटत होतं. त्या दुसऱ्या मोठं होण्याला दोन बायका कारण झाल्या. एक माझी सासू, जिला आम्ही बय म्हणायचो, आणि दुसरी माझी चुलत नणंद डुल्सीन.

आमच्या घराला तेव्हा पुढे ओटी होती आणि ओटीपुढे वाळूची मोकळी जागा. त्या जागेत बांबू रोवून, त्यांना आडव्या दोऱ्या बांधून वलांड्या उभ्या केलेल्या. पाऊस सरला की मे महिन्यापर्यंत त्या वलांड्यांवर बोंबील वाळायचे. बोंबील वाळत घालायची आमच्याकडे एक रीत आहे. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे लोंबतो, एक पलीकडे. वारा आला तरी पडत नाहीत. एकट्या बोंबलाला दोरीवर राहता येत नाही, त्याला जोडीदार लागतोच. सकाळी होडीच्या इंजिनाची भकभक, मग चर्चची घंटा, मग कावळ्यांची कावकाव, आणि या सगळ्याखाली बयचं पुटपुटणं. बय जोड्या अडकवता अडकवता जपमाळ म्हणायची. हात ओले म्हणून माळ गळ्यात. मणी बोटांनी मोजायच्या ऐवजी ती बोंबलांच्या जोड्या मोजायची, दहा जोड्या झाल्या की जपमाळेतलं एक दशक, म्हणजे दहा मण्यांचा एक फेरा, झाला. मला ते बघून हसू यायचं. मी मनात म्हणायचे, ही काय प्रार्थना झाली.

कारण मला प्रार्थना यायची ना. मराठी बायबल मी एकटीनं वाचून काढलं होतं, दुपारच्या वेळी, एका हातात कावळे हाकलायची काठी आणि मांडीवर पुस्तक. अडलेल्या शब्दांवर पेन्सिलीनं खूण करायची आणि रविवारी फादरना विचारायची. पहिले शिष्य मासेमारी करणारे होते हे वाचलं तेव्हा मला वाटलं, ही तर आपल्याच आळीतली गोष्ट. त्यानं हाक मारली आणि ते जाळी टाकून निघाले. मी म्हणायचे, मला हाक मारली असती तर मीसुद्धा निघाले असते. जाळी माझ्या नवऱ्याची, पास्कूची होती, त्यामुळे ती सोडायला मला काहीच जड नव्हतं.

आमच्या आळीत दर बुधवारी संध्याकाळी एकेका घरी प्रार्थना असायची. जपमाळ व्हायची, बायबलमधलं वचन वाचायचं, आणि मग ज्याला जे मागायचं ते त्यानं मोठ्यानं मागायचं. बाकीच्या बायका पाठ असलेलंच म्हणायच्या. स्वतःच्या शब्दांत, डोळे मिटून, न अडखळता मागणारी मी एकटी. त्यामुळे मागण्यांची वेळ झाली की सगळ्या माझ्याकडे बघायच्या. फिलू, जिच्या हाती आळीतल्या प्रार्थनेची सगळी व्यवस्था होती, ती म्हणायची, "कार्मेल, तू कर गो. तुजं आयकायला बरं वाटतं." मला ते बरं वाटणं फार आवडायचं. वही केली होती मी. चांगली वाक्यं सुचली की तिच्यात उतरवायची.

डुल्सीन परत आली ती त्याच दिवसांत. तिचा नवरा बोटीवर नोकरीला होता, परदेशी जाणाऱ्या. वर्षातून एकदा यायचा, येताना साबण आणि चॉकलेटं आणायचा. मग आजारी पडून कायमचा आला, आणि आठ महिन्यांत गेला. सासरच्यांनी डुल्सीनला एक ट्रंक देऊन माहेरी धाडलं. माहेरी आईबाप नव्हतेच. आमच्यापासून तीन दारं सोडून त्यांची एक खोली रिकामी पडली होती, ती बयनं झाडून घेतली. मुलूख बदलत होता तेव्हा. मुर्ध्याकडे मिठागरांच्या जागी इमारतींचे सांगाडे उभे राहत होते, पास्कूच्या खिशात पहिला मोबाइल वाजायला लागला होता. पण विधवा होऊन माहेरी आलेल्या बाईला आळीत काम एकच, वलांडीवर बसायचं. डुल्सीन बयच्या शेजारी बसू लागली. तिचा हात असा चालायचा की बय म्हणायची, "हिच्या जोड्या बघ. नवरा-बायकोसारख्या बसतात, भांडत न्हाईत."

एक दिवस डुल्सीन माझ्याकडे आली. "वहिनी, माज्यासंगं इस्पितळात येशील? मुंबईला बोलावलंय. मला एकटीला भीती वाटते." मी गेले. कागद इंग्रजीत होते, पण तिथल्या समुपदेशक बाईंनी आम्हाला खुर्चीवर बसवून मराठीत सगळं समजावलं. नवऱ्याकडून रोग तिला आला होता. औषध होतं, रोज घ्यावं लागणार होतं. आणि हात लावल्यानं, शेजारी बसल्यानं, एकत्र स्वयंपाक केल्यानं, एका ताटात जेवल्यानं काही होत नाही, हे त्या बाईंनी मला दोनदा सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं. परतताना डुल्सीन एवढंच म्हणाली, "बयला सांगीन मीच. आनि कोनाला नको." मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "माझ्या तोंडातून बाहेर जाणार नाही." हे वाक्य मी तेव्हा खरं मनापासून बोलले होते. म्हणूनच ते अजून टोचतं.

ऑक्टोबर महिना, जपमाळेचा महिना. त्या बुधवारची प्रार्थना फिलूच्या घरी होती. सतरा-अठरा बायका, भिंतीला टेकून बसलेल्या. भिंतीवरच्या छोट्या अल्तारावर, म्हणजे वेदीवर, झेंडूचा हार, उदबत्ती, आतून चहाचा वास. डुल्सीन आली नव्हती, औषधानं तिला मळमळत होतं. मागण्यांची वेळ झाली, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी डोळे मिटले. पावसाबद्दल मागितलं, होड्यांबद्दल मागितलं. आवाज छान लागला होता. आणि मग मला डुल्सीनची दया आली. खरीच आली. मी म्हटलं, "प्रभू, आमच्या डुल्सीनकडे बघ. तिच्या देहाला एड्ससारखा रोग लागलाय, तिचा काही दोष नसताना. तू कुष्ठरोग्याला हात लावलास, तसा तिला लाव."

खोली एकदम शांत झाली. उदबत्तीची राख पडलेली ऐकू येईल अशी शांत. आणि मी, काय सांगू, मिटल्या डोळ्यांनी विचार करत होते की आज पवित्र आत्मा उतरला. माझ्या प्रार्थनेनं सगळ्या भारावल्या.

मग बयचा आवाज आला. तिनं कुणाची वाट न बघता "नमो मरिया" सुरू केलं, भराभर, दार लावून घ्यावं तसं.

घरी आल्यावर बयनं ओटीवर चपला काढल्या आणि तिथंच बसली. म्हणाली, "तू मगाशी कोनाला सांगत व्हतीस?"

"देवाला," मी म्हटलं.

"देवाला ठाव नव्हतं?"

मी चपलेचा पट्टा सोडवायला वाकले.

"त्याला ठाव व्हतं," बय म्हणाली. "फिलूला नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी डुल्सीन वलांडीवर आली तेव्हा तिच्या दोन्ही अंगांना चार-चार हात वाळू मोकळी होती. आमच्या आळीत मोठमोठ्यानं भांडायची पद्धत आहे, पण त्या दिवशी कुणी भांडलं नाही, तेच वाईट. पाण्याच्या पिंपातला तांब्या कुणीतरी उचलून घरात नेला. दोन दिवसांनी वाळलेले बोंबील न्यायला नेहमीचा व्यापारी आला. फिलू त्याला हिंदीत म्हणाली, "वो वाला ढेर अलग रखना." डुल्सीननं ते ऐकलं, उठली, हात धुतले आणि घरी गेली. मग ती आलीच नाही. दिवाळी गेली, थंडी आली, तीन दारांपलीकडचं तिचं दार बंद. बय रोज दुपारी झाकलेलं ताट घेऊन तिच्याकडे जायची, तिथंच दोघी एका ताटात जेवायच्या, आणि बय रिकामं ताट घेऊन परत यायची. मला तिनं एकदाही चल म्हटलं नाही.

मी पापनिवेदनाला गेले. जाळीपलीकडे फादर, अलीकडे मी, गुडघ्यावर. सगळं सांगितलं, अगदी सुंदर शब्दांत सांगितलं. फादर वसईकडचे होते, कमी बोलायचे. त्यांनी विचारलं, "त्या बाईकडे गेलीस का?" मी म्हटलं, "नाही फादर, आधी तुमच्याकडे आले." ते म्हणाले, "मग माझ्याकडे दुसऱ्यांदा ये. आधी तिच्याकडे जा."

गेले. डुल्सीन खाली बसून तांदूळ निवडत होती. मी उभीच राहिले. वाटेत जी वाक्यं जुळवली होती ती सगळी दारात गळून पडली. म्हटलं, "डुल्सी, मी चुकले." तिनं ताटातला एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "वहिनी, तू इस्पितळात माज्यासंगं दिवसभर उभी व्हतीस, उपाशी. ते मी धरून ठेवलंय. दुसरं सोडायचा परयत्न करते." मी रडायला लागले तर म्हणाली, "रडू नको. मला त्याचा उपेग न्हाय. मला काम पायजे. घरात बसून मी रोगानं न्हाय, गपचूप बसून मरीन." आणि मग, माझ्याकडे न बघता, "नेल्सनच्या लग्नाला फुगे तळायला बोलावशील?"

नेल्सन म्हणजे माझा धाकटा दीर, त्याचं लग्न जानेवारीत ठरलं होतं, ते आता दोनच दिवसांवर आलं होतं. आता फुगे म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या लग्नांत चपाती-भाकरी दुय्यम, मान फुग्यांचा. मैदा, अंडी, नारळाचं दूध, आणि फुगण्यासाठी ताडी. टोपभर पीठ सैलसर भिजवून ठेवायचं. ते वर आलं की आळीतल्या बायका टोपाभोवती बसतात. पीठ डाव्या मुठीत घ्यायचं, अंगठा आणि बोटामधून दाबून गोळा वर काढायचा, उजव्या हाताच्या ओल्या बोटांनी तो उचलून तेलात सोडायचा. लाटणं नाही, चमचा नाही, नुसते हात. एका टोपात सहा-सात बायकांचे हात असतात. आणि डुल्सीनच्या हातचा फुगा चेंडूसारखा गोल यायचा, आळीतलं कुठलंही लग्न तिच्याशिवाय झालं नव्हतं. म्हणजे ती मला काय मागत होती ते मला कळलं. ती माझ्याकडे आळीतली तिची जागा परत मागत होती, आणि ती मीच घालवली होती.

मी हो म्हटलं. बातमी पसरायला संध्याकाळ पुरली. फिलू आमच्या ओटीवर आली, बसली, पाणी मागितलं, प्यायली. फिलू वाईट बाई नव्हती, हे मला इथं लिहून ठेवायचंय. माझ्या बाळंतपणात तिनं माझे कपडे धुतले होते.

"कार्मेल, तिला बोलावलंस म्हनतात."

"हो."

"माज्या घरात दोन नातवंडं हायत. मी न्हाय यायची. आनि मी न्हाय आले तर आनखी कोन येनार न्हाय, हे तुला ठाव हाय. लग्नाच्या घरी टोप तसाच राह्यला तर लाज कोनाची?"

"काही होत नाही गं त्यानं. इस्पितळात सांगितलंय, दोनदा."

"इस्पितळवाले येनार हायत का फुगे खायला?"

आतून बय म्हणाली, "फिलू, पानी पिऊन झालं असंल तर तांब्या आत ठेव. उद्या भांडी मोजून लागतील, लोक आले न्हाईत तर आमालाच सगळं करायचं हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डुल्सीनला हाताला धरून आणायला गेले. ती आंघोळ करून, केसांना तेल लावून, जुनी हिरवी साडी नेसून बसली होती. रंगीत साडी नेसायची का नाही यावर तिनं सकाळ घालवली असेल. आम्ही अंगणात आलो. मांडवाखाली टोप, चूल पेटलेली, आणि बायका, नेहमीच्या पंचवीसच्या जागी नऊ. फिलूसुद्धा आली होती, पण उभी, पदर कमरेला न खोचता. डुल्सीन टोपापाशी बसली. पीठ फुगून काठाला आलं होतं. तिनं हात धुतले, मग पुन्हा धुतले, मग तिसऱ्यांदा धुतले, आणि हात तसेच हवेत धरून थांबली. कुणाच्या तरी परवानगीची वाट बघत होती. मी तिच्या शेजारी बसले आणि माझा हात मनगटापर्यंत पिठात घातला. मग तिनं घातला. पिठाखाली आमची बोटं एकमेकांना लागली.

पहिला फुगा तिनं सोडला. तो बुडाला, वर आला, गरकन फिरला, गोल. आमच्यात पहिला फुगा घरातल्या थोरलीनं चाखायचा असतो. झाऱ्यानं काढून मी तो बशीत बयपुढे ठेवला. टोपात डुल्सीनचा हात गेला तशा बायका उठल्या होत्या, कुणी हात पुसत होत्या, कुणी चपला शोधत होत्या. बयला तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढचं वय, तोंडात चारच दात. तिनं फुगा मोडला, वाफ निघाली, फुंकर घातली, अर्धा तोंडात टाकला आणि सावकाश चघळत बसली. सगळ्या बघत होत्या. तिला काही घाई नव्हती. गिळला, आणि म्हणाली, "मीठ कमी हाय."

आणि उरलेला अर्धा, तिच्या उष्ट्या बोटांतला, माझ्यापुढे धरला.

मी आता खरं लिहिते, कारण या वयात खोटं लिहून कुणाला खूश करायचंय. मला सगळं माहीत होतं, इस्पितळातल्या बाईंच्या तोंडून माहीत होतं, दोनदा विचारून घेतलं होतं, कुष्ठरोग्याला हात लावण्याच्या प्रार्थना मी मोठ्यानं केल्या होत्या. तरी तो अर्धा फुगा बघून माझ्या आत काहीतरी मागे सरलं. डुल्सीन माझ्याकडे बघत नव्हती, पिठाकडे बघत होती. मी खाल्ला. गरम होता, ताडीचा थोडा आंबटपणा, नारळाचं गोड, आणि खरंच मीठ कमी होतं. आणि तो गिळताना मला कळलं की पुस्तकातले ते कोळी जाळी टाकून गेले म्हणजे काय सोडून गेले असतील. जाळी सोडणं सोपं असतं. हे जे आत मागे सरतं ते सोडायचं असतं. बय हे कुठल्या पुस्तकात वाचून शिकली नव्हती, तिला सही येत नव्हती. ती त्याच्यामागे चालत होती, इतकंच, आणि मी इतकी वर्षं तिच्या घरात राहून तिच्या चालण्याला हसत होते. मला आपल्या सासूची भीती वाटली त्या क्षणी, चर्चमध्ये कधीकधी वाटते तशी.

"मीठ घाला की कुनीतरी," बय म्हणाली. "का मीच उठू?"

उठलेल्यांतल्या दोघी परत बसल्या. मग आणखी एक. सहाजणींनी मिळून संध्याकाळपर्यंत टोप संपवला, खांदे भरून आले. फिलू घरी गेली. तिनं दुसऱ्या दिवशी लग्नात फुगे खाल्ले की नाही ते मी बघितलं नाही, मुद्दाम बघितलं नाही.

बय त्यानंतर दोन पावसाळे होती. डुल्सीन अजून आहे. गोळ्या घेते, माझ्यापेक्षा ताठ चालते, आणि माझे गुडघे दुखतात म्हणून माझ्या वाटचे बोंबीलही तीच वाळत घालते.

पण सांगायचं राहिलंय ते लग्नानंतरच्या पहिल्या बुधवारचं. प्रार्थना आमच्या घरी होती. बायका निम्म्याच आल्या. फिलू आली, दाराजवळ बसली. डुल्सीन बयच्या शेजारी. जपमाळ झाली, वचन झालं, मागण्यांची वेळ झाली, आणि सवयीनं सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. माझ्याजवळ काही नव्हतं. खोली पुन्हा तशीच शांत झाली, ऑक्टोबरसारखी. मग डुल्सीन बोलली. ती कधी मोठ्यानं मागायची नाही, त्यामुळे आवाज बसका, अडखळत आला.

"मी माज्या वहिनीसाठी मागते, प्रभू."

माझे कान तापले. त्या खोलीत प्रत्येकीला माहीत होतं मी काय केलं होतं. आता तिची पाळी होती, आणि तिला पूर्ण हक्क होता. मी वाट बघत राहिले.

"तिच्या मनात काय हाय ते तुला ठाव हाय," डुल्सीन म्हणाली, आणि थांबली. मला वाटलं, पुढे येईल. पुढे काहीच आलं नाही. तिचं मागून झालं होतं.

बयनं "नमो मरिया" सुरू केलं, सावकाश. दाराजवळून फिलूचा आवाज सगळ्यांत आधी तिला येऊन मिळाला. मी ओठ हलवले, पण माझा आवाज त्या दिवशी निघालाच नाही, आणि कुणाला त्याची उणीव भासली नाही.